एकाच वेळी दोन पदव्या : ठाणे-कल्याण परिसरातील तंत्रविद्यार्थ्यांपुढील निर्णय

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तेव्हा ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पुढे डोंबिवली, अंबरनाथ व मुरबाड येथेही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. यंत्र, रसायन आणि रेल्वे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या परिसरात मुलाने तंत्रशिक्षण घ्यावे ही अपेक्षा पिढ्यान्पिढ्या रुजलेली आहे. ‘कोणत्या शाखेस प्रवेश घ्यावा’ हा प्रश्न पूर्वीपासूनचा आहे. अलीकडे त्याच्या जोडीला ‘एकाच वेळी दोन पदव्या घ्याव्यात काय’ हा नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा निर्णय संपूर्ण कुटुंबाच्या पुढील काही वर्षांचा असतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

तीन भिन्न गोष्टी, एक नाव

‘दुहेरी पदवी’ हा शब्द सध्या तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यातूनच बराचसा गोंधळ निर्माण होतो.

पहिला प्रकार एकात्मिक अभ्यासक्रमाचा. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांमध्ये पाच वर्षांच्या सलग अध्ययनानंतर अभियांत्रिकीची पदवी व पदव्युत्तर पदवी अशा दोन्ही मिळतात. येथे संस्था एकच, वेळापत्रक एकच आणि प्रवेशही एकदाच असतो.

दुसरा प्रकार भारतीय व परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याचा. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार दोन्ही संस्था एकाच विषयात व एकाच स्तरावर स्वतंत्र पदव्या देतात आणि विद्यार्थ्यास किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. निरनिराळ्या विषयांतील दोन पदव्यांशी या योजनेचा संबंध नाही.

तिसरा प्रकार म्हणजे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम एकाच काळात पूर्ण करणे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील पालक शिक्षकांकडे विचारणा करतात ती बहुधा याच प्रकाराविषयी. प्रस्तुत लेखात याचाच विचार केला आहे.

नियमाची चौकट

पूर्वी एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना मान्यता नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने मार्गदर्शक सूचना जाहीर करून ती वाट मोकळी केली. या सूचनांप्रमाणे तीन पर्याय उपलब्ध आहेत. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात उपस्थित राहून करता येतात, परंतु त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचा व दुसरा दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीचा असू शकतो. किंवा दोन्ही अभ्यासक्रम दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने करता येतात. विद्यावाचस्पती पदवीस, म्हणजे पीएच.डी.स, ही सवलत लागू नाही.

ही परवानगी सरसकट नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. जेथे व्यावसायिक परिषदेचे नियम आहेत तेथे ते पाळावे लागतात. दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचाच असावा लागतो. याखेरीज प्रत्येक विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपल्या नियमांत ही तरतूद केलेली असली पाहिजे. आयोगाने वाट मोकळी केली म्हणून प्रत्येक संस्थेचे दार आपोआप उघडते असे नाही.

तंत्रशिक्षणापुरता एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाच्या २०२० च्या विनियमांत मनाई आहे. त्यापूर्वी नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणी कठोर निर्णय दिला होता आणि त्याची झळ नोकरीत स्थिरावलेल्या पदवीधरांनाही पोहोचली. सारांश, ‘घरबसल्या दुसरी अभियांत्रिकी पदवी’ अशी जाहिरात दिसल्यास तिच्यापासून दूर राहणे इष्ट.

एक पदवी वर्गातली, दुसरी ऑनलाइन

व्यवहारात तंत्रविद्यार्थ्याला जमण्याजोगा मार्ग उरतो तो हाच. दोन पूर्णवेळ अभ्यासक्रमांच्या वेळा जुळवणे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास जवळजवळ अशक्य असते, कारण प्रात्यक्षिके, कार्यशाळा व प्रकल्प यांत त्याचा संपूर्ण दिवस जातो.

या मार्गाचे परिचित उदाहरण म्हणजे मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेला आज्ञावली लेखन व विदा विज्ञान या विषयांचा ऑनलाइन अभ्यासक्रम. त्यात पाठ घरी बसून ऐकता येतात, मात्र मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. पायाभूत प्रमाणपत्र, पदविका व पदवी असे टप्पे असल्याने मध्येच थांबणाऱ्याच्या पदरीही काही पडते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून दूरशिक्षणाचे कार्य करीत आहे. वाणिज्य, व्यवस्थापन वा संगणक उपयोजन यांसारख्या विषयांचा विचार करणाऱ्यांनी त्यांची माहितीपुस्तिका प्रथम पाहावी.

वेळेचा हिशेब

निर्णयाचा खरा कस लागतो तो वेळेच्या हिशेबात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका शैक्षणिक वर्षासाठी ४० श्रेयांक व त्यांकरिता १२०० अध्ययन-तास धरले आहेत. वर्गातील तासिका, प्रात्यक्षिके व स्वाध्याय हे सर्व त्यांत येते. याचा अर्थ एका सत्रात ६०० तास. सत्र १५ आठवड्यांचे मानल्यास आठवड्याला ४० तास. दोन अभ्यासक्रम पूर्ण भाराने घेतल्यास हेच ८० तास होतात.

शहापूर तालुक्यातील एखादा विद्यार्थी आसनगाव स्थानकावरून लोकलने ठाण्याच्या महाविद्यालयात जातो असे समजू. गावापासून स्थानकापर्यंतच्या प्रवासासह त्याचे जाण्यायेण्यात दररोज तीन तास गेले, तर सहा दिवसांचे १८ तास होतात. रोज सात तास झोप धरल्यास आठवड्याचे ४९ तास झाले. आठवड्याच्या १६८ तासांतून हे ६७ व अध्ययनाचे ८० तास वजा जाता उरतात केवळ २१, म्हणजे दिवसाला तीन तास. जेवणखाण, घरची कामे, आजारपण व सणवार हे सर्व त्यातच बसवायचे.

हाच विद्यार्थी दुसरा अभ्यासक्रम निम्म्या गतीने करू लागला, तर अध्ययनाचे तास ६० होतात आणि दिवसाला सुमारे सहा तास मोकळे राहतात. यावरून एक व्यावहारिक कसोटी हाती येते : ज्या अभ्यासक्रमात सत्रागणिक विषयांची संख्या कमी-अधिक करण्याची मुभा आहे, तोच दुसरा अभ्यासक्रम म्हणून निवडावा. डोंबिवलीत राहून डोंबिवलीतच शिकणाऱ्याचा हिशेब आणि मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून पुढे लोकल धरणाऱ्याचा हिशेब एक असू शकत नाही. शेजारच्या मुलाने दोन पदव्या घेतल्या, एवढे कारण म्हणूनच पुरेसे नाही.

पहिल्या पदवीस धोका

दोन डगरींवर पाय ठेवताना पहिली डगर निसटण्याचे भय असते. दोन्हीकडील सत्रान्त परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास येतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी विषय राहण्याचे प्रमाण तसेही कमी नसते. एकदा ‘के.टी.’ लागली की तो विषय पुढील सत्राच्या भारात मिळतो. महाविद्यालयात निवडीसाठी येणाऱ्या अनेक कंपन्या एकही विषय शिल्लक नसावा अशी अट घालतात. दुसऱ्या पदवीच्या हव्यासापायी पहिल्या पदवीचे विषय राहिले, तर नोकरीची पहिलीच संधी हुकते. म्हणून पहिले वर्ष निर्वेधपणे पार पडल्यावर, दुसऱ्या वर्षापासून दुसरा अभ्यासक्रम हाती घेणे अधिक सुरक्षित होय.

खर्च आणि कागदपत्रे

पहिल्या अभ्यासक्रमाची शुल्कसवलत वा शिष्यवृत्ती दुसऱ्यासही मिळेल असे गृहीत धरू नये. संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या अभ्यासक्रमाचे शुल्क स्वतःच्या खिशातून जाणार असे धरूनच अंदाजपत्रक करावे. त्यात परीक्षा शुल्क, संगणक, आंतरजाल जोडणी व परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च यांचा समावेश असावा. दुसऱ्या पदवीसाठी कर्ज काढावे लागणार असेल, तर तो विचार नोकरी लागेपर्यंत पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरेल.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो आणि तो पहिल्या महाविद्यालयात जमा होतो. दुसरी संस्था साक्षांकित प्रत स्वीकारते काय, हे आधी विचारावे. दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. संस्थेची व त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता त्याच ठिकाणी तपासता येते. ही तपासणी शुल्क भरण्यापूर्वी करावयाची असते.

दुसरी पदवी केव्हा उपयोगी?

नोकरीच्या जाहिरातीत सामान्यतः एका विवक्षित पदवीची अट असते. तीच पात्रता पुन्हा सिद्ध करणारी दुसरी पदवी फारसे काही देत नाही. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने संगणक उपयोजनाची पदवी घेणे हे त्याचे ठळक उदाहरण. याउलट, यंत्र वा रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास विदा विज्ञानाची जोड मिळाली, तर कारखान्यातील यंत्रांच्या नोंदींचा अर्थ लावण्याचे नवे कौशल्य त्याच्या हाती येते. विज्ञान शाखेच्या ज्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला नाही, त्यालाही अशी जोड उपकारक ठरते. दोन विषय परस्परांस पूरक आहेत की केवळ शेजारी ठेवलेले आहेत, हा प्रश्न प्रथम विचारावा.

मधला मार्ग

दुसरा विषय शिकावयाचा म्हणजे दुसरी पदवीच हवी असे नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात १८ ते २० अतिरिक्त श्रेयांक मिळवून मुख्य पदवीबरोबरच अन्य शाखेतील गौण पदवी घेण्याची सोय आहे. संपूर्ण पदवीच्या १६० श्रेयांकांपुढे हा भार फारच हलका होय. २०१७ पासून कार्यरत असलेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील पाठांचे श्रेयांक महाविद्यालयाच्या संमतीने मुख्य पदवीत धरता येतात. पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळण्याची व्यवस्था आहेच. परिसरातील एखाद्या कारखान्यात सुटीत केलेली उमेदवारी ही देखील पुष्कळदा दुसऱ्या प्रमाणपत्राहून अधिक बोलकी ठरते.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गांत वरील हिशेब विद्यार्थ्यांकडून कागदावर मांडून घ्यावा. विद्यार्थ्याने स्वतःचे प्रवासाचे, झोपेचे व अभ्यासाचे तास लिहिले की निम्मा निर्णय आपोआप होतो. उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांसाठी प्रवेशाच्या ऐन धावपळीत होणारी दमछाक वेळेवर शिबिरे भरवून टाळता येईल. ग्रामपंचायतीची अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली आणि तेथे वीज व आंतरजालाची खात्रीची सोय झाली, तर ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही त्या घरातील मुलालाही ऑनलाइन शिक्षणाचा लाभ घेता येईल. अन्यथा नियमाने दिलेली ही संधी शहरातील सुस्थित विद्यार्थ्यांपुरतीच राहील.

दोन पदव्या घेणे हा पराक्रम नव्हे आणि एकच पदवी नीट पुरी करणे हा कमीपणाही नव्हे. विषयांची पूरकता, हाती असलेला वेळ, खर्चाची तरतूद आणि संस्थेची मान्यता या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर विद्यार्थ्याने पुढे जावे. त्यांपैकी एकाचे जरी उत्तर नकारार्थी असेल, तर पहिली पदवी उत्तम रीतीने पूर्ण करावी. दुसरीसाठी मुक्त विद्यापीठांचे दार नोकरी लागल्यानंतरही उघडेच असते.