धातू, सिरॅमिक आणि कृत्रिम सांधा : एक परिचय

अहवालाच्या जमाखर्चपत्रकात ‘इम्प्लांट खरेदी’ या शीर्षाखाली जी रक्कम दिसते, तिच्याविषयी सन्माननीय विश्वस्त व देणगीदार वेळोवेळी पृच्छा करतात. रुग्णाचे नातेवाईक तर थेट विचारतात, “साहेब, सिरॅमिकचा सांधा अधिक टिकतो म्हणतात. दागिने मोडून बसवावा का?” प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर, तरीही या प्रश्नामुळे विषयाचा थोडा अभ्यास करणे भाग पडले.

धातू चिवट असतो. आघात सोसतो, पण घासला की त्यावर चरे पडतात. सिरॅमिक कठीण व गुळगुळीत असते, मात्र आघाताने तडकू शकते. दोहोंचे गुण एकत्र आणावेत म्हणून धातूवर सिरॅमिकचा थर द्यावा, तर तापमानाबरोबर दोन्ही पदार्थ सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि त्यांच्या सांध्यावर ताण येतो. इनॅमलच्या भांड्याचा टवका उडालेला आपण सर्वांनी पाहिला आहे. यावर उपाय म्हणजे सीमारेषाच पुसून टाकणे. एका बाजूस शुद्ध धातू, दुसऱ्या बाजूस शुद्ध सिरॅमिक, आणि मध्ये प्रमाण क्रमाक्रमाने बदलत जाणारा पदार्थ. १९८४ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली ती अंतराळयानाच्या उष्णतारोधक कवचासाठी. निसर्गाला मात्र ती पूर्वीपासून अवगत आहे. बांबूचे तंतू बाहेरच्या बाजूस दाट व आत विरळ असतात. आपली हाडेही बाहेरून घट्ट आणि आतून सच्छिद्र असतात.

अशा पदार्थांपैकी बरेच अजून प्रयोगशाळेतच आहेत. या कल्पनेच्या सर्वांत जवळचे आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या शरीरात बसविले जाणारे उदाहरण म्हणजे ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम. झिर्कोनियममध्ये सुमारे अडीच टक्के नायोबियम मिसळून घडविलेला भाग हवेत ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवितात. प्राणवायू धातूत शिरतो आणि पृष्ठभागाचेच सिरॅमिकमध्ये रूपांतर होते. हा थर जेमतेम ५ मायक्रॉनचा असतो. त्याखाली प्राणवायूचे प्रमाण उतरत जाणारा पट्टा आणि मग मूळ धातू. वरून चढविलेला लेप नसल्याने तो सहजी सुटत नाही. निकेलचे प्रमाण अत्यल्प असल्याने निकेलची अॅलर्जी असलेल्यांसाठी शल्यविशारद त्याचा विचार करतात. उणीवही आहे : कृत्रिम खुबा निखळून गोळा धातूच्या कवचावर घासला गेला, तर हा पातळ थर खरवडला जातो आणि खालचा मऊ धातू उघडा पडतो.

आता पैशाचा प्रश्न. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरविल्या. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमसाठी ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये (कर वेगळा) अशी मर्यादा होती. फरक जवळजवळ बावीस हजारांचा. या फरकाने काय साधते? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीतील १७,५७७ गुडघ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच घडणीच्या दोन्ही प्रकारांची तुलना होती, आणि बारा वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियममुळे कमी झाल्याचे आढळले नाही. प्रयोगशाळेतील यंत्रावर झीज कमी दिसणे आणि रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया टळणे या दोन भिन्न नोंदी आहेत. हिशेबनिसाला हा भेद लवकर उमजतो.

म्हणून नातेवाइकांना आमचे उत्तर असे असते : धातूची अॅलर्जी वा अन्य वैद्यकीय कारण शल्यविशारदांनी सांगितले असेल, तर महाग इम्प्लांटसाठी गरीब रुग्ण साहाय्य निधीकडे निःसंकोच अर्ज करावा. तसे कारण नसेल, तर केवळ ‘सिरॅमिक’ या शब्दापोटी दागिने मोडू नयेत. ती रक्कम शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावी. कोणताही इम्प्लांट बसविला तरी त्याच्या वेष्टनावरील पदार्थाचे नाव व बॅच क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटविलेले आहे, याची घरी जाण्यापूर्वी खातरजमा करून घ्यावी. पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर पहिल्यांदा तेच विचारले जाते.