चोखोबांचा 'रंग' आणि सोयराबाईंचा 'रंग'

सर्व रंग एक झाल्याचा सोयराबाईंचा अभंग किशोरी आमोणकर यांच्या गायनामुळे घरोघर पोहोचला. आळंदीलगतच्या, आता कारखान्यांनी वेढलेल्या कुरुळीसारख्या गावांत तो वारकरी भजनातून भेटतो. या लोकप्रियतेचा तोटा असा की, तो निव्वळ अद्वैतानुभवाचा उद्गार ठरतो आणि वर्गातही तसाच शिकविला जातो. चोखामेळ्यांच्या उसाच्या दृष्टांताशेजारी ठेवून वाचल्यास मात्र तो एका कवीला दुसऱ्या कवीने दिलेला प्रतिसाद वाटू लागतो. 'प्रतिसाद' हा शब्द येथे संहितेपुरता वापरला आहे. पती-पत्नी असलेल्या या दोन संतकवींमध्ये 'रंग' हा शब्द समान आहे. त्याचे मूल्य मात्र पालटले आहे.

चोखोबा ऊस, कमान आणि नदी यांचे वाकडेपण दाखवितात आणि रस, तीर, पाणी यांचे सरळपण त्यापुढे ठेवतात. रंग म्हणजे वरचे, फसवे आवरण. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याची किंमत मोठी आहे. भाव सरळ ठरविण्यासाठी कवीला स्वतःचे बाह्यरूप वाकडे असल्याचे कबूल करावे लागते. शिवाय पाहणारा जागच्या जागी राहतो. त्याला पटवावयाचे आहे, निवाडा त्याच्याच हाती आहे.

सोयराबाई ही कबुली देत नाहीत. त्यांच्या अभंगात रंगाला आत-बाहेर उरत नाही. 'श्रीरंग' या नामातील श्लेषामुळे रंगणारा आणि रंगविणारा यांतील सीमा पुसली जाते आणि पाहण्याची क्रियाच दूर होते. पाहणाऱ्याला पटविण्याऐवजी त्याचे आसनच काढून घेतले जाते. ('वर्ण' या शब्दात रंग आणि सामाजिक श्रेणी हे दोन्ही अर्थ नांदतात, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.) सोयराबाईंचा आत्मशोध चोखोबांच्या पुढचे पाऊल टाकतो तो या ठिकाणी.

हा देहापासून काढलेला पळ आहे, असा आक्षेप संभवतो. त्याला सोयराबाईंचाच विटाळाविषयीचा अभंग उत्तर देतो. विटाळ देहातच जन्मतो, त्यावाचून कोणाचाही देह घडत नाही. मग सोवळा कोण, असा त्याचा रोख आहे. देह नाकारणाऱ्या कवयित्रीला हा प्रश्न सुचला नसता. एक होण्याचा अनुभव आणि विषमतेचे रोखठोक भान ही एकाच प्रतिभेची दोन अंगे आहेत; वेचे निवडणाऱ्यांनी त्यांची ताटातूट केली.

तरीही एक गोष्ट विरघळत नाही : नाममुद्रा. पती आणि जात या दोहोंचा निर्देश करणारी 'चोखयाची महारी' ही मुद्रा या कवयित्रीची ओळख म्हणून कायम राहते. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. भिंतीने आतला भाव विचारला नाही. मुलगा कर्ममेळा तर आई-वडिलांच्या दोन्ही उत्तरांवर थांबत नाही. उष्ट्यावर गेलेल्या जन्माचा जाब तो थेट विठ्ठलालाच विचारतो, आणि त्याच्या त्या अभंगात रंगाचा उल्लेखही नाही.