सायकल, रस्ता आणि वही



सायकल आपल्याला नवी नाही. तिच्यावर आपण शेतात जातो, बाजारात जातो, दुधाचे कॅन नेतो. पण एका दिवसात आपण किती लांब जाऊ शकतो, हे आपण कधी मोजून पाहत नाही. या धड्यात ते मोजण्याची आणि हळूहळू वाढवण्याची रीत सांगतो. ही रीत मी एक मोठी चूक करून शिकलो. ती चूकही सांगणार आहे.

रस्ता वाचायला शिका

रस्त्याच्या कडेला दगड उभे असतात. त्यांवर गावाचे नाव आणि आकडा असतो. तो आकडा म्हणजे त्या गावापर्यंतचे अंतर. दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. माथा हिरवा असेल तर तो राज्य महामार्ग.

पूर्वी या दगडांवर मैल लिहिलेले असत. १९५६ साली मापांचा नवा कायदा झाला आणि पुढे मैल जाऊन किलोमीटर आले. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. मैल गेले, तरी आपण अजून ‘मैलाचा दगड’ असेच म्हणतो.

दगड नसेल तिथे चाकाने मोजता येते. चाकावर खडूची खूण करा. तिच्या खाली जमिनीवरही खूण करा. चाक पुरते एकदा फिरवा आणि पुन्हा खूण करा. आता दोन खुणांमधले अंतर मोजा. जुन्या मोठ्या सायकलचे चाक एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर जाते. म्हणजे सुमारे ४५० फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर होतो. आजकाल मोबाइलही अंतर सांगतो. पण मोबाइलची बॅटरी उतरते. वहीत लिहिलेले राहते.

लांबचा पल्ला कसा गाठतात

आपल्या पवनारचे उदाहरण घ्या. विनोबाजी १९५१ साली पायी निघाले. भूदान मागत ते देशभर फिरले आणि १९६४ साली पवनारला परतले. एवढी वाट कोणी एका दमात चालत नाही. आज या गावी मुक्काम, उद्या पुढच्या गावी, असेच चालावे लागते.

सायकलचेही तसेच आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलने जगाच्या फेरीला निघाली. फेरी पुरी झाली तेव्हा वय अवघे २० वर्षांचे. तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. आता भागाकार करा. २९,००० ला १५९ ने भागले तर रोजचे सुमारे १८२ किलोमीटर येतात. वाटेत स्पेन देशात चोरट्यांनी तिला लुटले. तरी तिने फेरी सोडली नाही.

आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ पाहा. अमेरिकेत एक मोठी शर्यत होते. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. मुदत १२ दिवसांची. २०१७ साली त्यांनी ती मुदतीत एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पुरी केली. आदल्या वर्षी, २०१६ साली, गोकुळनाथ यांना ती अर्ध्यावर सोडावी लागली होती. सोडली म्हणून ते घरी बसले नाहीत. पुढे २०१८ साली समर्थ यांनी रशियातली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही शर्यत पुरी केली. अंतर सुमारे ९,१०० किलोमीटर, पण टप्पे १५.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसे, आपल्याला काय त्याचे? तर सामान्य माणसांसाठीही एक चांगली पद्धत आहे. ती फ्रान्स देशातून आली. तिला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही अशा फेऱ्या होतात. त्यात कोणाचा पहिला नंबर नसतो आणि कोणाचा शेवटचा नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पुरे करायचे, एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. ३०० ला २० तास. ४०० ला २७ तास. ६०० ला ४० तास. प्रत्येकाजवळ एक कार्ड असते. वाटेत ठरलेल्या ठाण्यावर त्या कार्डावर वेळ लिहून शिक्का मारतात. शिक्का नसेल तर तुम्ही तिथे गेलात असे कोणी धरत नाही.

हा शिक्का ध्यानात ठेवा. माझी चूक तिथेच आहे.

माझी चूक

माझी मोठी बहीण नागपूरला असते. वर्धा ते नागपूर सुमारे ७८ किलोमीटर. साठी उलटल्यावर माझ्या मनाने घेतले की, एकदा सायकलने बहिणीकडे जायचे. २०२३ च्या जानेवारीत मी सराव सुरू केला. रात्रीच्या साक्षरता वर्गात सर्वांना सांगितलेही. वहीत रोजचे आकडे लिहू लागलो.

सुरुवातीला आकडे खरे होते. मग एका रविवारी मी २८ किलोमीटर चालवून दमलो आणि परतलो. संध्याकाळी वर्गात लोकांनी विचारले, “किती झाले जी, गुरुजी?” मला लाज वाटली. मी म्हणालो, “चाळीस.” आणि बोललो ते खरे दिसावे म्हणून वहीतही ४० लिहिले. पुढच्या रविवारी ३० चे ४५ केले. मग ती सवयच लागली. महिन्याभराने वही उघडली तर वहीत मी चांगला तयार झालेला दिसत होतो. आणि गंमत पाहा, लिहिणारा मीच असून मला ते खरे वाटू लागले.

एप्रिलमध्ये मी नागपूरला निघालो. निघायला उशीर झाला. पाणी एकच बाटली घेतली. केळझरपर्यंत, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर, ठीक गेलो. पुढे ऊन चढले. आपल्याकडचे ऊन तुम्हाला सांगायला नको. पिंढऱ्यांत गोळे आले. डोके दुखू लागले. मग घाम येणेच थांबले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल कुठे पडली आणि मी कुठे पडलो, मला कळले नाही.

एका शेतकऱ्याने मला पाहिले. त्याने मला बाभळीच्या सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले, टॉवेल ओला करून डोक्यावर ठेवला. शुद्ध आल्यावर म्हणाला, “बाबाजी, हळूहळू पाणी घ्या जी. या उन्हात निघाले कुठं?” मग ट्रॅक्टरवर घालून मला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उन्हात पडून असता तर काही खरे नव्हते.

चार दिवसांनी मी वर्गात गेलो आणि सर्व कबूल केले. वर्ग गप्प झाला. मग मागे बसलेल्या एक बाई बोलल्या. त्या त्या वर्षीच सही करायला शिकल्या होत्या.

“गुरुजी, एक बोलू का जी? कापसाच्या काट्यात खोट निघाली तं आपण व्यापाऱ्यासंगं भांडतो. तुम्ही तं सोताच्याच मापात खोट केली.”

मी चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. पण माझी वही त्या बाईंनी तपासली.

वही कशी ठेवावी

त्यानंतर मी नवी वही घेतली. एका ओळीत पाच गोष्टी लिहायच्या असे ठरवले.

१. तारीख.
२. कोठून कोठे.
३. किती किलोमीटर.
४. किती वेळ.
५. शरीर कसे राहिले.

दोन ओळी तुमच्यासाठी उतरवून देतो.

२ जुलै. घर ते पवनार व परत. १७ किलोमीटर. दीड तास. गुडघा थोडा दुखला.

९ जुलै. पाऊस. धाम नदीच्या अलीकडूनच परत. ९ किलोमीटर. एक तास. चिखल फार.

दुसरी ओळ पाहा. त्या दिवशी मला हवे तेवढे जमले नाही. पण ओळ खरी आहे. कमी आकडा ही लाजेची गोष्ट नाही. तो आकडा सांगतो की, उद्या कुठून सुरुवात करायची.

दर रविवारी मी आठवड्याची बेरीज करी. जाणते लोक सांगतात की, एका आठवड्याची बेरीज आदल्या आठवड्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून फार वाढवू नये. म्हणजे या आठवड्यात ४० झाले असतील तर पुढच्या आठवड्यात ४४. त्याच्या पुढे ४८. दर चौथ्या आठवड्यात मी बेरीज मुद्दाम कमी ठेवी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा. विसाव्याच्या दिवशीही वहीत ओळ असे : ‘आज विसावा.’

अशा रीतीने जुलैत एका दमाला २० किलोमीटर झाले. ऑगस्टमध्ये ३०. सप्टेंबरमध्ये ४५. ऑक्टोबरमध्ये ६०. ६० झाले त्या दिवशी मी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली. तो माझा मैलाचा दगड.

भाऊबीज

१५ नोव्हेंबर २०२३. भाऊबीजेचा दिवस. हवा गार होती. शेतांत कापूस फुटला होता. सकाळी ६ वाजता निघालो. हिशेब आधीच मांडला होता. तासाला १२ किलोमीटर धरले तर ७८ किलोमीटरला साडेसहा तास. विसाव्याला दोन तास. म्हणजे अडीच वाजता पोहोचायचे.

मी नागपूरचा विचार केला नाही. आधी पवनार. मग सेलू. मग केळझर. मग बुटीबोरी. प्रत्येक ठाण्यावर उतरलो, पाणी प्यालो, वहीत वेळ लिहिली. शिक्का मारणारे कोणी नव्हते. पण आता त्याची गरजही नव्हती. एप्रिलमध्ये पडलो होतो ती बाभूळ दिसली तेव्हा पाच मिनिटे थांबलो. पाऊण वाजता बुटीबोरी मागे पडली. हिशेब थोडा चुकला होता, कारण वारा समोरून होता. बहिणीच्या दारात पोहोचायला सव्वातीन वाजले.

ती ताट घेऊन उभीच होती. ओवाळताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, “एस.टी.नं आला असतास तर मी काय ओवाळलं नसतं का रे?”

मी काही बोललो नाही. वही काढून तिला दाखवली. एप्रिलची ओळ तिला आजवर मी सांगितली नव्हती. ती तिने वाचली, वही मिटली आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. परतताना मात्र मी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आलो. तेही वहीत लिहिले आहे.

हे लक्षात ठेवा

आधी आपले खरे माप घ्या, मग पल्ला ठरवा. निघण्याआधी ब्रेक, हवा आणि चेन पाहा. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि ऊन चढण्याआधी परता. थोडे थोडे पाणी वारंवार प्या. लांब जायचे असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते बरोबर घ्या. चमचा चहाचा धरावा. छातीचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चक्कर आली, घाम येणे थांबले, तर तिथेच सावलीत थांबा आणि मदत मागा. घरी सांगून निघा. अंधारात दिव्याशिवाय सायकल चालवू नका.

वर्गातल्या त्या बाईंनी आता स्वतःची वही केली आहे. आठवड्याचा बाजार त्यांच्या घरापासून ११ किलोमीटरवर आहे. तिथे स्वतः सायकल चालवत जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. सायकल मुलीची आहे. वहीतली पहिली ओळ अशी आहे : ‘घर ते शाळा. १ किलोमीटर. दोनदा पडली.’

ती ओळ त्यांनी खोडलेली नाही.

प्रश्न

१. गुरुजींनी वहीत २८ चे ४० का केले? त्याचा परिणाम काय झाला?
२. तासाला १० किलोमीटर या वेगाने ३५ किलोमीटर जायला किती वेळ लागेल?
३. या आठवड्यात ५० किलोमीटर झाले. पुढच्या आठवड्यात साधारण किती करावेत?
४. तुमच्या गावाजवळचा दगड पाहून या. त्यावर काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.
५. आज तुम्ही कोठून कोठे गेलात? पाच गोष्टींची एक खरी ओळ लिहा.