पांढरा पक्षी : ओळख व राहणी
(निसर्ग-निरीक्षण : इयत्ता ३ री व ४ थी)

हेतू : केवळ रंगावर न विसंबता चोच, पाय व वावरण्याची जागा पाहून पक्षी ओळखण्याची सवय मुलांस लावणे.

विषय-विवेचन : उंच पायांचा पांढरा पक्षी दिसला की मुले ‘बगळा’ म्हणून मोकळी होतात. परंतु बगळ्यांच्या जाती अनेक असून प्रत्येकीची राहणी निराळी आहे. मुंबईतील वडाळ्याचे उदाहरण घ्यावे. तेथील दाट वस्तीच्या पूर्वेस मिठागरे, तिवरांची झाडी व खाडीकाठचा चिखल आहे. ओहोटीस चिखल उघडा पडला की निवट्या, कोळंबी व लहान मासे टिपण्यास बगळे तेथे उतरतात. भरती येताच ते तिवरांवर किंवा मिठागरांच्या बांधांवर विसावतात. चिखलावर भराव पडला तर झाडी शाबूत राहूनही त्यांचे अन्न नाहीसे होते. ‘बकध्यान’ हा शब्द ढोंगाकरिता वापरतात. वस्तुतः ते स्तब्ध उभे राहणे म्हणजे पोटासाठी केलेले श्रम होत.

ओळखीच्या खुणा :
१. लहान बगळा – चोच व पाय काळे, बोटे मात्र पिवळी. पायाने चिखल ढवळून तो भक्ष्य उठवतो.
२. मोठा बगळा – मान फार लांब. चोच एरवी पिवळी, विणीच्या काळात काळी. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये.
३. गायबगळा – चोच आखूड व पिवळी. विणीच्या दिवसांत डोके, मान व पाठ नारिंगी होते. चरणाऱ्या गुरांमागे फिरून उडणारे किडे टिपतो.
४. ढोकरी – बसली असता मातकट, उडताच पंख पांढरे. मुले येथेच फसतात.

उडताना या चौघांचीही मान आखडलेली असते.

संरक्षण : विणीच्या काळात येणाऱ्या नाजूक पिसांपायी, परदेशी स्त्रियांच्या टोप्या सजविण्याकरिता, बगळ्यांची फार हत्या झाली. १९०२ साली हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीस बंदी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही बगळ्यांस संरक्षण दिले आहे.

उपक्रम : शिक्षकांनी मुलांस गावचे तळे, ओढा किंवा भातखाचर येथे न्यावे व दुरूनच शांतपणे पाहण्यास सांगावे. वहीत चोच, पाय, जागा व हालचाल यांची नोंद आधी करवून घ्यावी. नाव सर्वांत शेवटी लिहवावे.

प्रश्न :
१. गायबगळा गुरांमागे का फिरतो?
२. भरतीच्या वेळी बगळे कोठे जातात व का?
३. तुमच्या गावचे तळे बुजविले तर कोणत्या पक्ष्यांचे अन्न जाईल?