मैदानावरील क्षण आणि बेताच्या किंमतीचा कॅमेरा

कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयांत गेलें असतां भिंतीवर क्रीडासंघांचीं छायाचित्रें दिसतात. मधोमध ढाल, दोन्ही बाजूंस हाताची घडी घालून बसलेले खेळाडू आणि मागें उभे असलेले शिक्षक. खेळ मात्र त्या चित्रांत कोठेंच नसतो. हा छायाचित्रकाराच्या अरसिकतेचा दोष नव्हे. त्या काळच्या सामान्य कॅमेऱ्यास धांवता मुलगा पकडणें अवघड जाई. म्हणून त्याला खुर्चीवर बसवूनच त्याचें चित्र घ्यावें लागे.

तथापि खेळ टिपण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९६ सालीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हालतीं चित्रें पाहिलीं आणि पुढें लंडनहून २१ गिनींस रायली कंपनीचा कॅमेरा मागविला. १८९९ सालीं त्यांनीं हँगिंग गार्डन येथें जें चित्रण केलें तें एका कुस्तीचें. सावेदादांजवळ छायाचित्रणाची कार्यशाळा होती, उत्तम कॅमेरेही होते. परंतु कुस्तीची चपळाई त्यांत मावणारी नव्हती. काम वेगळें, म्हणून यंत्रही वेगळें, हा त्यांचा हिशेब होता. कॅमेरा घेऊं इच्छिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यानें प्रथम हाच हिशेब करावा.

गेल्या हिवाळ्यांत धानाची मळणी आटोपल्यावर मोहाडीकडील एक शेतकरी पालक मजकडे आले. "गुरुजी, पोरगा कॅमेरा मांगते. पैसे धानाचे आहेत. पाण्यात तर नाही जाणार?" असा त्यांचा प्रश्न होता. जवळ पन्नास हजार रुपये होते. मुलाला कबड्डी व खो-खोचीं चित्रें घ्यावयाचीं होतीं. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलें उत्तरच होय. त्या वेळीं तें इतकें व्यवस्थित सांगतां आलें नव्हतें.

आधीं माझी फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका दुकानांतून नवा कोरा, प्रारंभिक श्रेणीचा कॅमेरा त्याच्यासोबत मिळणाऱ्या लेन्ससह घेतला. दुकानदार केवळ मेगापिक्सेलचा आंकडा सांगत होता आणि मीं त्यावर मान डोलावीत होतों. सायंकाळीं दिव्यांच्या उजेडांत कबड्डीचा अंतिम सामना झाला. वसतिगृहांतील एका मुलानें शेवटच्या चढाईंत तिघांच्या पकडींतून निसटून मध्यरेषेला हात लावला. माझ्याजवळ त्या क्षणाचीं चार चित्रें आहेत, आणि चारहींत एक तपकिरी धूसर आकृति आहे. तो मुलगा त्याच वर्षीं शाळा सोडून कामावर गेला. सामना कांहीं पुन्हा खेळवितां येत नाहीं.

असें कां झालें तें गणितानें समजेल. सेकंदाला सहा मीटर वेगानें झेपावणारा खेळाडू एका सेकंदाच्या साठाव्या भागांत दहा सेंटिमीटर पुढें सरकतो. चित्रांत तेवढा फराटा उमटतो. शटर एक सहस्रांश सेकंदच उघडें ठेविलें तर तो केवळ सहा मिलिमीटर सरकतो आणि चित्र स्पष्ट येतें. परंतु शटर इतकें अल्पकाळ उघडल्यास प्रकाशही तितकाच थोडा आंत येतो. दुपारच्या उन्हांत त्याची चिंता नसते. आपल्याकडील शंकरपट, जो २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडला होता आणि २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला, तो दिवसाउजेडीं भरतो; तेथें साधा कॅमेराही चांगलें काम देतो. ज्याला केवळ दिवसाचे खेळ टिपावयाचे आहेत त्यानें पुढील खर्चांत पडूंच नये.

सायंकाळच्या सामन्याचा प्रश्न मात्र मुख्यतः लेन्सचा आहे. नव्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सचें तोंड, दूरचें दृश्य जवळ आणलें असतां, एफ ५.६ पर्यंतच उघडतें. ८५ मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आंत घेते. पुरुषांच्या कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. कडेला बसून ते टिपण्यास ८५ ची लेन्स पुरेशी होते. म्हणून मीं त्या पालकांस सांगितलें कीं, पन्नासांतील वीस हजार प्रथम लेन्ससाठीं बाजूला काढा आणि उरलेल्या तिसांत बॉडी पाहा. लोक नेमकें उलट करतात.

तीस हजारांत नवी बॉडी घेतली तर ती प्रारंभिक श्रेणीचीच मिळणार. कॅननची १५००डी घ्या : फोकसचे नऊ बिंदु, सेकंदाला तीन चित्रें. याउलट त्याच कंपनीची २०१४ सालची ७डी मार्क टू ही वापरलेली बॉडी फोकसचे पासष्ट बिंदु देते आणि सेकंदाला दहा चित्रें घेते. खो-खोमधील मुलगी खांबाकडे सूर मारते तेव्हां हवेंतील तिचा काळ अर्ध्या सेकंदाहून फारसा अधिक नसतो. तेवढ्यांत एक यंत्र एखाददुसरें चित्र घेईल, दुसरें पांच. मेगापिक्सेल म्हणाल तर १५००डीचे चोवीस आणि ७डी मार्क टूचे वीस. परंतु बारा इंच रुंद व आठ इंच उंच असें उत्तम छापील चित्र काढण्यास नऊही पुरतात.

दिव्यांविषयीं आणखी एक गोष्ट आहे जी दुकानांत सहसा कोणी सांगत नाहीं. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यामुळें पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळां मंद-तेज होतात. डोळ्यांस तें कळत नाहीं, पण एक सहस्रांश सेकंदाच्या चित्रांत एक चित्र उजळ तर दुसरें काळपट पिवळें येतें. ७डी मार्क टू दिव्यांची ही लय ओळखून तेज क्षणींच शटर उघडते. निकॉनच्या डी५०० मध्येंही ही सोय आहे, पण ती बॉडी बहुधा या अंदाजपत्रकाबाहेर जाते. निकॉनची डी७२०० स्वस्त व चांगली. तिच्यांत ही सोय नाहीं. तथापि जुन्या लेन्सचा फोकस फिरविणारी मोटर तिच्या आंत आहे, जी डी३५०० सारख्या लहान बॉडींत नसते. जुनी स्वस्त लेन्स घेऊन घरीं आल्यावर ती हातानेंच फिरवावी लागते असें कळणें फार दुःखद !

हल्लीं दोन्ही कंपन्यांनीं आपलें लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळविलें आहे. ते अधिक चपळ आहेत यांत शंका नाहीं, परंतु लेन्ससह त्यांचा खर्च धानाच्या एका हंगामांत बसत नाहीं. जुन्या आरशाच्या बॉड्या स्वस्तांत बाजारांत येतात त्या यामुळेंच.

वापरलेला माल घेतांना भिडस्तपणा करूं नये. शटर किती वेळां उघडलें तें विचारावें. ७डी मार्क टूचें शटर दोन लाख वेळांसाठीं बनविलेलें आहे, त्यांतील निम्म्याहून अधिक खर्च झालें असेल तर किंमत उतरवून मागावी. एफ १६ वर कोऱ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें. आंतील धूळ काळ्या ठिपक्यांनीं दिसते. लेन्स उजेडासमोर धरून तींत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे कीं काय तें पाहावें. वैनगंगेकांठच्या पावसाळ्यांत ही बुरशी चांगल्या लेन्सलाही धरते. हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या यांची तजवीज आधींच करावी. तांदळाचे दाणे घालून ठेवण्याचा उपाय आमच्याकडे कोणीतरी सुचवितोच; त्यानें लेन्सवर पिठूळ तेवढी बसते.

त्या पालकांनीं महिनाभर थांबून वापरलेली ७डी मार्क टू व ८५ ची लेन्स घेतली. मुलाच्या पहिल्या चित्रांत चढाई करणाऱ्याचे पायच कापले गेले होते. पुढच्या रविवारच्या चित्रांत पाय आहेत, आणि घोटा धरणाऱ्या हाताच्या नखांतील मातीही दिसते. वडिलांनीं तें चित्र बराच वेळ न्याहाळलें व तो हात कोणाचा म्हणून विचारलें. फुटबॉलसाठीं लागणारी लांबची लेन्स त्यांनीं पुढील धानावर ठेविली आहे.