गिअरबॉक्सच्या आवाजाची पारख

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. गिअरबॉक्स मंजूर वा नामंजूर करण्याचा अखत्यार तुझ्या हाती आला, हे वाचून समाधान वाटले. परंतु डेसिबेलचा आकडा मुक्रर मर्यादेच्या आत असला की शिक्का मारून मोकळा होतोस, हे वाक्य मात्र खटकले, म्हणून हे विस्ताराने लिहितो.

एकूण डेसिबेल ही केवळ गोळाबेरीज होय. आवाज किती, हे तीवरून कळते; तो कोठून निघतो, हे कळावयास कंप्रता पाहावी लागते. 20 दात्यांचे पिनियन मिनिटास 1500 फेरे घेत असेल, तर सेकंदास 500 वेळा दाता दात्यास भिडतो. म्हणून 500 हर्ट्‌झवर आणि त्याच्या पटींवर आवाज चढलेला दिसला, तर दात्याचा आकार, त्याचा तिरकेपणा आणि शाफ्टांची समांतरता यांची तपासणी आधी करावी. त्या कंप्रतेच्या दोन्ही अंगांस 25 हर्ट्‌झच्या अंतराने लहान शिखरे उभी असतील, तर पिनियन मध्यापासून ढळले असण्याचा संशय घ्यावा; आणि गती उतरवून ऐकले असता फेऱ्यागणिक एकच ठोका पडत असेल, तर हाताळणीत एखाद्या दात्यास मार लागला आहे काय, ते पाहावे. क्वचित कोणत्याच दात्यांच्या संख्येशी न जुळणारा स्वर उमटतो. तेव्हा ज्या यंत्रावर दाते कापले, त्याच्याच विभाजक चाकातील दोष गिअरवर उतरलेला असू शकतो.

तथापि आवाज हा साक्षीदार खरा असला तरी त्याची जबानी घेण्याची रीत शुद्ध हवी. गिअरबॉक्स सुरू केल्यावर ध्वनिमापकाचा काटा अवघा 3 डेसिबेलांनी चढला, तर नोंदलेल्या ध्वनिशक्तीचा निम्मा हिस्सा परक्या आवाजाचा असतो; 10 डेसिबेलांचे अंतर मिळाले, तरच मोजमाप विश्वासार्ह समजावे. दात्यांचा फुगवटा ठराविक भारासाठी बेतलेला असतो, म्हणून भाराविना घेतलेल्या मापावर फैसला देऊ नये. आणि दात्याच्या दोन्ही बाजूंची परीक्षा व्हावी म्हणून गिअरबॉक्स उलटसुलट दोन्ही दिशांनी चालवावा. गती, भार, तेलाचे तापमान आणि मायक्रोफोनचे अंतर ही प्रत्येक वेळी सारखी ठेवून दप्तरी नोंदवावीत. एरवी आजच्या आकड्याची कालच्या आकड्याशी तुलनाच संभवत नाही.

शेवटी एवढेच सांगतो की, ‘आवाज फार’ असा जुजबी शेरा लिहून माल परत धाडू नकोस. जो शेरा वाचून दाते कापणाऱ्या कारागिरास आपल्या यंत्रात काय दुरुस्त करावे हे उमगत नाही, त्याखाली तुझी सही असू नये.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा