त्र्यंबकचं गाव ज्वालामुखीच्या तोंडात आहे का?

पावसाळ्यात आपली पोरं ब्रह्मगिरी चढून आली की एकजण तरी म्हणतोच, "त्र्यंबक म्हणजे ज्वालामुखीचं तोंड!" दिसतंही तसंच. कड्यांची नालासारखी रांग, पायथ्याच्या खोलगट जागेत गाव, आणि खडक तर लाव्हाचाच. पण सिव्हिलवाल्यांनी तरी हे पसरवू नये. का, ते पुढे येईलच.

ज्वालामुखीच्या अशा अवाढव्य खोलगट तोंडाला कॅल्डेरा म्हणतात. जमिनीखालचा मॅग्माचा साठा मोठ्या उद्रेकात रिकामा झाला की वरच्या छताचा आधार जातो, आणि छत गोलाकार भेगांवरून खाली बसतं. खालचे कॉलम काढल्यावर स्लॅब बसावा तसं. केनियात नाकुरू शहराला लागून मेनेंगाई हा असाच कॅल्डेरा आहे, सुमारे 12 किलोमीटर लांब आणि 8 रुंद. आफ्रिका खंड तिथे ताणला जाऊन फाटतोय. त्या फटीला रिफ्ट म्हणतात. मेनेंगाईचा मॅग्मा सिलिका जास्त असलेला, म्हणून चिकट. वायू आत कोंडतो आणि मग स्फोट होतो.

ताण आपल्याकडेही होता. नर्मदा-तापीचा पट्टा हा जुना रिफ्टच. पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे आला तो मुख्यतः बेसाल्टचा पातळ लाव्हा. पिठलं ताटात वाढलं तिथेच बसतं, मेसची डाळ मात्र ताटभर पळते (मेस कमिटीने राग मानू नये). आपला लाव्हा डाळीच्या जातीचा. लांबच लांब भेगांतून वर आला, पसरला, थरावर थर साचले.

आता ब्रह्मगिरीच्या कड्याकडे नीट बघा. थर आडवे. अंजनेरीला जा, तिथेही आडवेच. कॅल्डेरा असता तर खचलेले ठोकळे, राखेचे थर, गोल भ्रंश दिसले असते. त्र्यंबकची वाटी पावसाने आणि ओढ्यांनी कोरलेली आहे. (लोणारचं विवरही ज्वालामुखीचं नाही बरं का, ते उल्केचं.)

खाली मॅग्माचा साठा नव्हताच असं मात्र नाही. कसारा घाटातल्या काही थरांत प्लॅजिओक्लेजचे बोटाच्या पेराएवढे स्फटिक आहेत. एवढे वाढायला ते खाली बराच काळ थांबलेले असणार. नाशिक-इगतपुरीकडे ढालीसारखा पसरट ज्वालामुखी असावा, असंही काही संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं होतं.

म्हणून इथे गोल तोंड नाही, सरळ रेघ शोधायची. भेगेतच थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत म्हणजे डाइक. नंदुरबार-धुळे भागातल्या अशा 210 डाइकचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत लांब साक्री-धुळे-पारोळा, तब्बल 79 किलोमीटर!

मेनेंगाईत विजेसाठी वाफ मिळवायला बोअर घेतात. आपला खडक केव्हाच थंड झालाय, आपण बोअर घेतो पाण्यासाठी, आणि तिथे ही भिंत आडवी येते. डाइक अखंड असला तर भूजल अडतं. वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी, खालची कोरडी. भेगाळलेला असला तर त्याच्या कडेलाच पाणी लागू शकतं. बोअरवाला पैसे फुटावर घेतो, पाणी लागो न लागो. ते पैसे शेतकऱ्याचे असतात. तेव्हा साइट व्हिजिटला गेलात तर मशीन लावण्याआधी शेजारच्या चार विहिरींची पातळी मोजा, आणि काळ्या दगडाची रेघ कुठून कुठे जाते ते चालत बघून या.